चाकू न लागलेल्या जागा

ऑपरेशन पार पडतं. डोक्याच्या मागच्या भागातली गाठ निघालेली असते. मूल शुद्धीवर येतं, पाणी मागतं, आईला हाक मारतं आणि अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळलेल्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मूल गप्प होतं. रुसून गप्प बसल्यासारखं नव्हे. ओठ हलतात पण शब्द येत नाही, कित्येकदा ओठही हलत नाहीत. अंग सैल पडतं, घास गिळता येत नाही, चिरक्या आवाजात तासन् तास रडणं चालतं आणि जवळ घेतलं तरी ते थांबत नाही. जीभ, घसा, स्वरयंत्र तपासावं तर तिथे या गप्प होण्याचं कारण सापडत नाही. अशी मुकी अवस्था काही दिवस टिकते, काही आठवडे टिकते, क्वचित काही महिनेही. नंतर बोलणं परत येतं, पण येतं ते अडखळत, एकेक शब्द वेगळा पाडत. वैद्यकात याला ‘पोस्टेरियर फोसा सिंड्रोम’ किंवा ‘सेरेबेलर म्युटिझम’ म्हणतात. पोस्टेरियर फोसा म्हणजे कवटीचा मागचा, तळाकडचा खळगा, ज्यात लहान मेंदू बसलेला असतो. आणि हे काही लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारं दुर्दैव नाही. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारी कर्करोगाची गाठ. ती काढलेल्या ४५० मुलांची पाहणी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात १०७ मुलांना, म्हणजे जवळपास चारांतल्या एकाला, हा त्रास झाला होता.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट ही की लहान मेंदूचा बोलण्याशी संबंध असल्याचं कुणी फारसं मानतच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये फ्लूरान्स यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. पहिल्या महायुद्धात गोळी लागून लहान मेंदूला इजा झालेले सैनिक इंग्लंडच्या गॉर्डन होम्स यांनी तपासले. दोघांच्या कामातून जे चित्र पक्कं झालं तेच आपल्या शाळेच्या पुस्तकात उतरलं: लहान मेंदू तोल सांभाळतो, हालचालींचा मेळ घालतो. बोलण्याचा पत्ता वेगळा होता. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढा एकच उच्चार करू शकणाऱ्या लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि मोठ्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून भाषेचं घर म्हणजे डावा पुढचा भाग, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलं. त्यामुळे मागचं ऑपरेशन झालेलं मूल मुकं होतं, तेव्हा डॉक्टरांनी कारणं इतरत्र शोधली. मस्तिष्कस्तंभाला धक्का बसला असेल, मूल घाबरलं असेल, इस्पितळाचा ताण आला असेल. १९८५ मध्ये रेकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा मुलांची नोंद एकत्र मांडून या मुकेपणाचा उगम लहान मेंदूत असल्याचं म्हटलं आणि तिथून हा विषय नावारूपाला आला. भीतीच्या स्पष्टीकरणाला साधं उत्तर आहे. पोटाचं, हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेली मुलंही घाबरतात, पण ती अशी महिनाभर मुकी होत नाहीत. लहान मेंदूच्याच एका कडेची गाठ काढली तरी हा प्रकार सहसा घडत नाही. गाठ मधोमध, लहान मेंदूसमोरच्या द्रवाने भरलेल्या ‘चौथ्या पोकळी’च्या आसपास असली की घडतो. भीतीला अशी जागा निवडता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग स्कॅन काढा आणि बघा काय बिघडलंय ते. मेंदूच्या छायाचित्रणाबद्दल आपल्याकडे असाच समज आहे: एमआरआय म्हणजे मेंदूचा फोटो, बिघाड तिथे दिसणारच. या आजाराने तो समज मोडीत काढला आहे. ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये दिसतो तो खड्डा, जिथून गाठ काढली ती रिकामी जागा. पण तसाच खड्डा बोलणं न थांबलेल्या मुलाच्या स्कॅनमध्येही असतो. खड्ड्याकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी हे मूल का गप्प झालं आणि ते का नाही, हे एकट्या खड्ड्यावरून उमगत नाही. माझ्या मते या विषयात गेल्या वीस वर्षांत जे खरं कळलं, ते संशोधकांनी नजर खड्ड्यावरून उचलून भलतीकडे वळवली म्हणून: शल्यविशारदाचा चाकू जिथे पोचलाच नाही अशा जागांकडे.

त्यातली पहिली जागा म्हणजे कपाळामागचा मोठा मेंदू. शरीरात किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडून मेंदूच्या कुठल्या भागात रक्त किती जातं हे मोजण्याची जुनी पद्धत होती, आणि ती वापरून नव्वदीच्या दशकातच काही डॉक्टरांना दिसलं की मुक्या झालेल्या मुलांच्या मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागात रक्तपुरवठा मंदावलेला आहे. बोलणं परतलं तसा तो सुधारलाही. ऑपरेशन मानेलगत आणि रक्त कमी कपाळामागे, हे कसं? १९१४ मध्ये फॉन मोनाकोव्ह या मेंदूतज्ज्ञाने ‘डायस्किसिस’ नावाची कल्पना मांडली होती. मेंदूचा एक भाग दुखावला की त्याच्याकडून नियमित निरोप मिळवणारा दूरचा भाग धडधाकट असूनही थंडावतो. गावाकडची तार तुटल्यावर दूरचं टपाल कार्यालय शाबूत असूनही रिकामं बसावं, तसं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या संशोधकांनी हाच धागा एमआरआयने धरला. शिरेत सोडलेलं गॅडोलिनियमयुक्त औषध मेंदूतून सरकताना चित्राचा उजेड क्षणभर घटतो. कुठे किती घटतो आणि किती वेळात, यावरून रक्ताचा ओघ काढता येतो. मुक्या झालेल्या मुलांत पुढच्या भागाचा ओघ कमी भरला. लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे जाणारा रस्ता, तोही मुळाशीच, दुखावलेला दिसला.

हा रस्ता समजून घेतल्याशिवाय पुढचं काही उलगडणार नाही. लहान मेंदूच्या पोटात चेतापेशींचे काही पुंजके असतात. त्यातला सर्वांत मोठा दातेरी कडेचा, म्हणून त्याचं नाव डेंटेट. लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे निघणारा बहुतेक मजकूर या पुंजक्यांतून बाहेर पडतो, ‘वरचा देठ’ म्हणता येईल अशा तंतूंच्या जाड जुडग्यातून वर चढतो, मध्यमेंदूत बाजू बदलतो, थॅलॅमस या बदलीच्या स्टेशनातून जातो आणि मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागात उतरतो. उजव्या लहान मेंदूची ये-जा डाव्या मोठ्या मेंदूशी असते, ती या बाजूबदलामुळे. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास लहान मेंदूत आहेत, हे २००९ मध्ये मोजलं गेलं. एवढ्या पेशी आणि बाहेर पडायला दोन अरुंद देठ. मेड्युलोब्लास्टोमा वाढतो तो नेमका या दोन देठांच्या मधल्या बोळात. चौथ्या पोकळीच्या छताला चिकटलेली गाठ सोडवताना दोन्हीकडचे देठ हाताशी येतात, ते असे.

रस्ता दुखावला की नाही, हे पाहण्याची युक्ती पाण्याची आहे. मेंदूतलं पाणी सतत हलत असतं. मोकळ्या जागेत ते चहूकडे सारखं पसरतं, पण चेतातंतूंच्या जुडग्यात तंतूंच्या लांबीला धरून जास्त आणि आडवं कमी. उसाच्या सरीत सोडलेलं पाणी वरंबा ओलांडून आडवं जात नाही, तसंच. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी ही दिशा एमआरआयने मोजण्याची रीत मांडली. वरंबे ढासळले की पाणी भलतीकडे पसरतं आणि मोजमापात ते पकडता येतं. टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या गटाने २०१२ मध्ये या पद्धतीने मुकी झालेली आणि न झालेली मुलं शेजारी ठेवून पाहिली, तर लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे जाणारा मार्ग मुक्या मुलांत अधिक बिघडलेला आढळला. त्यांच्या नोंदीत उजव्या लहान मेंदूचं पारडं जड होतं. भाषा बहुतेकांत डावीकडे राहते आणि रस्ता बाजू बदलतो, म्हणून हे पटण्याजोगं आहे. इतरांच्या निरीक्षणांत मात्र दोन्ही बाजूंचे देठ सापडले. हा मतभेद मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो घाईने मिटवण्याचं कारणही नाही.

इथवर वाचून शंका येणं रास्त आहे. रक्त कमी, म्हणून मूल गप्प, की मूल गप्प, म्हणून रक्त कमी? जो भाग वापरातच नाही त्याला रक्त कमी जाणार, यात नवल काय? बोलणं परतल्यावर रक्तही परतलं, या निरीक्षणाने दोन्ही बाजूंचं समाधान होतं, म्हणून ते निकाल देऊ शकत नाही. शिवाय ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतला स्कॅन रक्ताने, हवेने, सुजेने गढूळ असतो. तो काढला जातो तो मुळात गाठीचा तुकडा मागे राहिला का, हे पाहायला. आणि अशा अभ्यासांतली मुलं बहुधा मोजकीच. हे तिन्ही आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात आणि त्यातला पहिला सर्वांत अवघड. त्याचं उत्तर एका अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आलं.

मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला, ऑलिव्हच्या फळासारखा दिसणारा एक पुंजका दोन्हीकडे असतो. त्याला ऑलिव्हच म्हणतात. ऑपरेशन मागून होतं, ऑलिव्ह पुढे असतं, त्यामुळे चाकू तिथे जात नाही. डेंटेट, मध्यमेंदूतला लाल पुंजका आणि ऑलिव्ह यांना जोडणारी एक त्रिकोणी वाट आहे, तिला १९३१ मध्ये ती वर्णन करणाऱ्या ग्यिलॅं आणि मोलारे या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे. ही वाट डेंटेट किंवा वरच्या देठापाशी तुटली, तर विरुद्ध बाजूचं ऑलिव्ह काही काळाने बदलतं. बदलतं तेही जगावेगळ्या पद्धतीने. निरोप मिळेनासा झाला की मेंदूचे बाकीचे भाग सुकतात, आक्रसतात. ऑलिव्ह फुगतं, आणि एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात चमकू लागतं. २०१४ मध्ये सेंट ज्यूडमधल्या पाटाय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुकी झालेल्या मुलांत दोन्ही ऑलिव्ह अशी बदललेली आढळण्याचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा बरंच जास्त आहे. मूल गप्प राहिलं म्हणून त्याचं ऑलिव्ह फुगलं, असं कुणीही म्हणू शकत नाही. बोलणं आणि ऑलिव्ह यांच्यात तसं नातंच नाही. ऑलिव्ह फुगलं याचा अर्थ वाट तुटली. रक्तपुरवठ्याची साक्ष एकटी असती तर ती संशयाला जागा देत होती, पाण्याच्या दिशेची साक्ष गढूळ स्कॅनमुळे डळमळीत होती. तिसरा साक्षीदार दोघांपासून वेगळा उभा आहे आणि तोही त्याच देठाकडे बोट दाखवतो. न्यायालयात असतं तसं इथेही एकमेकांना न भेटलेल्या साक्षीदारांचं एकमत महत्त्वाचं.

आणि या सगळ्यात कणा कोणता, तर बोलणं न थांबलेली मुलं. गाठ तीच, ऑपरेशनही तसंच, नंतरची किरणं आणि औषधंही तीच, पण बोलणं गेलं नाही. अशा मुलांना शेजारी न ठेवता काढलेलं कुठलंही रंगीत चित्र मला बिनकामाचं वाटतं. पुढे संशोधकांनी या तुलनेला नकाशाचं रूप दिलं. शेकडो मुलांच्या मेंदूतले खड्डे एका समान आकारावर बसवायचे आणि पाहायचं की गप्प झालेल्यांत कुठल्या बिंदूवर खड्डे जास्त आहेत. २०१९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या अशा एका अभ्यासाने लहान मेंदूतून बाहेर पडणाऱ्या वाटेकडेच निर्देश केला. २०२३ मध्ये सेंट ज्यूडच्या गटाने आणखी आत बोट ठेवलं: फास्टिजियल नावाचे, अगदी मधोमध बसलेले पुंजके. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ घराच्या छपराचा कळस, कारण ते चौथ्या पोकळीच्या छताच्या टोकाशी असतात. त्यांना इजा झालेल्या मुलांत मध्यमेंदूतल्या एका चिमुकल्या राखाडी पट्ट्याचं काम विस्कटलेलं दिसलं. त्या पट्ट्याचं नाव पेरिअॅक्वीडक्टल ग्रे. प्राण्यांमध्ये तो नष्ट केला की आवाज काढणं थांबतं, हे पूर्वीपासून माहीत आहे. आणि तोच पट्टा संकटात पळायचं, लढायचं की जागच्या जागी थिजायचं हे ठरवण्यात गुंतलेला आहे. मराठीत भीतीने वाचा बसते, बोबडी वळते, दातखीळ बसते. आपल्या भाषेने आवाज आणि भीती इतक्या सहज एकत्र बांधल्या आहेत की हा निष्कर्ष वाचताना आपल्याला तो आधीच माहीत होता असं वाटून जातं. मात्र वाक्प्रचार पुरावा नव्हे. हा निष्कर्ष अजून कोवळा आहे, इतर रुग्णालयांत तो टिकावा लागेल. पण त्यातून एक जुनं कोडं सुटण्याची शक्यता आहे. मुकेपणाबरोबर येणारं ते चिरकं रडणं, ते समजूत न पटणं, यांचा निव्वळ बोलण्याच्या यंत्रणेशी मेळ कधी बसत नव्हता. वाट एकच नसून शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन वाटा एकाच वेळी तुटत असतील, तर तो बसतो.

एक प्रश्न मात्र छायाचित्रणाने अजून मोकळाच ठेवला आहे. तार ऑपरेशनमध्ये तुटली, तर मूल दिवसभर बोललं कसं? एक उत्तर असं की चाकूने तार तुटत नाही, ती दुखावते, आणि पुढच्या दिवसांत चढणारी सूज तिचा गळा आवळते. दुसरं असं की तुटलेला तंतूही काही काळ निरोप नेत राहतो आणि मग हळूहळू मरतो. दोन्हींना आधार आहे, दोन्हींत भोकं आहेत. ही उकल व्हायची तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नंतर लगेच, आणि मूल गप्प झाल्या झाल्या असे एकाच मुलाचे लागोपाठ स्कॅन हवेत. आजारी, चिडलेल्या मुलाला वारंवार भूल देऊन यंत्रात सरकवणं कुठल्या नीतीत बसतं, हे मात्र त्याच्या आईबापांना विचारावं लागेल.

सर्वांत बोचरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गाठ काढायचीच आहे, न काढली तर मूल जगणार नाही. मग कुठली वाट कशी तुटते हे कळून काय उपयोग? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण एका बाबतीत तो खरा ठरला आहे. लहान मेंदूच्या मधल्या भागाला छेद न देता फटीतून पोकळीत शिरण्याची रीत जास्त सुरक्षित असेल, अशी पुष्कळांची आशा होती. युरोपातल्या अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला आणि छेद टाळल्याने बोलणं वाचतं असं त्यात स्पष्ट दिसलं नाही. मुलाचं वय, गाठीची जागा आणि गाठीचा प्रकार यांचं वजन जास्त भरलं. म्हणजे धोक्याचा मोठा वाटा शल्यविशारदाच्या हातात नाहीच. पण म्हणून हातावर हात धरून बसावं असं निघत नाही. चाकू कुठून आत शिरला यापेक्षा आत गेल्यावर देठांच्या भिंतीवर तो किती रेटला गेला, हा खरा प्रश्न असू शकतो, आणि तो विचारता येतो तो नकाशामुळेच. देठाला घट्ट चिकटलेला शेवटचा तुकडा खरवडून काढायचा की सोडायचा, हा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर खरोखर घ्यावा लागतो. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त मेड्युलोब्लास्टोमाच्या ७८७ रुग्णांचा अभ्यास आला. गाठीचे रेणूंवरून पडणारे उपप्रकार लक्षात घेतले, तर अगदी संपूर्ण गाठ काढण्याचा आणि किंचित अवशेष ठेवण्याचा जगण्याच्या शक्यतेत फारसा फरक उरत नाही, असं त्यातून पुढे आलं. हा शोध एकटा असता तर शल्यविशारदाला तुकडा सोडायला धीर झाला नसता. तुकडा कशाला चिकटला आहे आणि तो खरवडल्यावर काय जातं, हे छायाचित्रणाने दाखवल्यावर दोन्ही पारडी तोलता येतात.

दुसरा उपयोग घरच्यांसाठी आहे, आणि तो लहान नाही. ऑपरेशनआधीच्या स्कॅनमध्ये गाठ मधोमध असून देठाला चिकटलेली दिसली, तर हे घडू शकतं असं आईबापांना आदल्या दिवशी सांगता येतं. न सांगता घडलं तर ऑपरेशन चुकलं, डॉक्टर लपवताहेत, मुलावर काहीतरी आघात झाला, अशा शंकांनी घर पोखरतं. सांगून घडलं तर निदान गिळणं, हातपाय हलवणं, बोलण्याचे उपचार हे पहिल्या आठवड्यापासून आखता येतात. २०१६ मध्ये आइसलँडच्या बैठकीतून निघालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीच्या मसुद्यात या आजाराची व्याख्या नव्याने ठरली. मुकेपणा तात्पुरताच असतो हे त्यात नोंदवलं, आणि बोलणं पूर्ववत होईलच असं नाही, हेही.

ब्रोकांच्या त्या रुग्णाचा मेंदू त्यांनी कापला नव्हता, तो पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेला होता. २००७ मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा ब्रोकांनी दाखवलेल्या पृष्ठभागापुरती नसून खोल तंतूंच्या जुडग्यांपर्यंत गेलेली होती असं आढळलं. प्रौढांच्या भाषेचा पत्तासुद्धा एका खोलीचा नव्हता. मुलांच्या बाबतीत तर ‘मुकेपणा’ हे नावच मला फसवं वाटतं, कारण ते सर्वांत आधी सरणाऱ्या लक्षणाचं नाव आहे. मूल पहिला शब्द उच्चारतं त्या दिवशी घर आनंदाने भरतं आणि आजार संपला असं धरलं जातं. पण २००६ च्या त्या पाहणीत, सुरुवातीला त्रास मध्यम किंवा तीव्र असलेल्या मुलांपैकी अनेकांत वर्षभरानंतरही बोलण्याचे, चालण्याचे, शिकण्याचे अडथळे शिल्लक होते. त्या सुमाराला काढलेल्या स्कॅनमध्ये, मूल पुन्हा शाळेत जाऊन हळूहळू, तुटक का होईना पण बोलत असताना, दोन्ही ऑलिव्ह चमकत असलेली दिसू शकतात.